एकट्यानं खेळायचे रणगाड्यांचे युद्धखेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी जेवणाच्या टेबलावर नाहीतर कॅरम बोर्डवर छोट्या रणगाड्यांच्या लढाया खेळते. समोर दुसरा खेळाडू नसतो. पुण्यातले ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचे याबद्दल सारखं विचारत असतात. तेच प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

एकटं खेळायचं म्हणजे दोन्ही बाजूंनी आपणच खेळायचं ना? मग त्यात मजा कसली?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. दोन्ही बाजूंनी आपणच विचार करायचा असेल, तर खरंच मजा नाही. उजव्या हाताचा बेत डाव्या हाताला आधीच ठाऊक असतो. म्हणून शत्रूचे निर्णय आपण घ्यायचेच नाहीत, ते फासे आणि पत्त्यांकडे सोपवायचे. शत्रू कुठे आहे, किती आहे, पुढे येणार की दबा धरून बसणार, यातलं काहीही आपल्याला आधी माहीत नसतं. आपल्याकडे फक्त आपल्या गाड्यांचे निर्णय उरतात आणि तेही अर्धवट माहितीवर घ्यावे लागतात. रणगाड्याच्या कमांडरची अवस्था तशीच असते. समोर उसाचं शेत दिसतं, आत काय आहे ते दिसत नाही.

एवढं एक सूत्र मनात पक्कं बसलं की बाकीचे नियम तुम्ही स्वतःच बसवू शकता. खाली मी जे काही सांगितलंय, ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

हा प्रकार नवीन आहे का?

नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावर, फाशांनिशी युद्धखेळ खेळले जात. घरातल्या जमिनीवर खेळण्यातले सैनिक मांडून खेळायचे नियम एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली छापले. रणगाडा त्यानंतर आला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत तो पहिल्यांदा रणात उतरला. गुप्तता राहावी म्हणून इंग्रजांनी त्याला पाण्याच्या टाकीचं नाव दिलं आणि ‘टँक’ हेच नाव पुढे चिकटलं. आपला ‘रणगाडा’ हा शब्द मला त्यापेक्षा कितीतरी नेमका वाटतो.

सुरुवातीला काय काय लागतं?

घरात आधीच असलेल्या वस्तू पुरतात. एक कॅरम बोर्ड, त्याच्या सोंगट्या, दोन फासे, पत्त्यांचा एक जोड, मोजपट्टी, हातभर शिवणाचा दोरा आणि एखादी जुनी हिरवट किंवा खाकी चादर. रणगाडे सात पुरेत, तीन आपले आणि चार शत्रूचे.

कॅरमची आतली चौकट सुमारे ७४ सेंटीमीटरची असते. पहिल्या दहा-बारा डावांना तेवढी जागा भरपूर होते. चादर मात्र घालाच. उघड्या बोर्डवर मॉडेल ओढली तर बोर्डचं पॉलिश जातं आणि मग कॅरम खेळणारी माणसं तुमच्याशी बोलत नाहीत.

पहिला डाव रणगाड्यांशिवाय खेळलात तरी चालेल. पुठ्ठ्याचे सात आयत कापा, एका टोकाला पेनानं बाण काढा, झाला रणगाडा. मी मनापासून सांगते, आधी पुठ्ठ्यावर तीन डाव खेळा. आवडलं तर मॉडेल घ्या. कपाटभर किट (सुटे भाग जोडून करायची मॉडेल) आणायची आणि एकही डाव खेळायचा नाही, हे मी फार जणांचं होताना पाहिलंय.

कोणत्या मापाचे रणगाडे घ्यावेत?

माप म्हणजे प्रमाण. १/३५ म्हणजे खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं मॉडेल. उदाहरणाला सेंच्युरियन घेऊ, पूर्वी आपल्या सैन्यात असलेला ब्रिटिश रणगाडा. तोफेची नळी सोडली तर तो साधारण साडेसात मीटर लांब. १/३५ मध्ये तो २१ सेंटीमीटरच्या वर जातो, म्हणजे कपाटात मांडायला सुरेख, खेळायला निरुपयोगी. १/७२ मध्ये तो सुमारे साडेदहा सेंटीमीटर होतो, १/१०० मध्ये साडेसात आणि १/१४४ मध्ये सव्वापाच.

कॅरम बोर्डवर खेळायचं तर १/१०० किंवा १/१४४ घ्या. जेवणाचं टेबल मिळत असेल तर १/७२ चालेल. त्या मापात प्लॅस्टिकची किट भरपूर निघतात आणि ट्रॅकचे (साखळीसारख्या पट्ट्यांचे) दुवे, हॅच, मागे बांधलेल्या ताडपत्र्या असं सगळं बघायला छान वाटतं. झ्वेझ्दा कंपनीची १/१०० मधली छोटी किट गोंद न लावता नुसती दाबून जोडता येतात, नवख्याला ती सोपी. एअरफिक्स कंपनीचे जुने रणगाडे १/७६ चे आहेत. १/७२ च्या शेजारी ठेवले तर थोडे बुटके दिसतात, पण डावात कुणी मोजपट्टी लावून बघत नाही.

एक पथ्य पाळा. एकदा माप ठरलं की बदलू नका. दोन मापांत गाड्या जमवल्या की झाडं, घरं, पूल सगळं दोनदा करावं लागतं.

पुण्यात साहित्य कुठे मिळतं?

फेव्हिकॉल, पुठ्ठा, अॅक्रिलिक रंग, बारीक ब्रश आणि कटर यांसाठी अप्पा बळवंत चौक. पॉलिश पेपर, तार, लोखंडी पत्रा, प्रायमरचे स्प्रे यांसाठी बोहरी आळी. तिथे एक-एक वस्तू मागायलाही लाजू नका, मिळते. छोटे चुंबक आणि बारीक वायर तपकीर गल्लीच्या परिसरात सापडतात. मातीची घरं, मंदिरं आणि मावळे दिवाळीच्या आधी कुंभारवाड्यात येतात. त्यातली लहान घरं १/७२ च्या गावाला अगदी शोभतात. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर टाकली तर डायकास्ट (ओतीव धातूची) खेळणी मिळण्याची शक्यता असते. तिथे काय मिळेल ते आधी ठरवून जाता येत नाही, आणि मला जायला आवडतं ते त्यामुळेच.

किट बहुतेक ऑनलाइनच मागवावी लागतात. खोका आला की उघडताना व्हिडिओ काढून ठेवा. माझ्या एका खोक्यात ट्रॅकची एक अख्खी चौकटच नव्हती. व्हिडिओ होता म्हणून दुसरं किट मिळालं.

ओळखीत कुणाकडे थ्री-डी प्रिंटर असेल तर तोही मोठा आधार. रात्री लावलं की सकाळी गाडी तयार. फक्त पीएलएची मॉडेल उन्हात ठेवू नका. ते प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिलमध्ये डेक्कनला मी गाडी दुपारभर उन्हात लावली होती. मागच्या सीटवर सहा छापील पॅटन होते (पॅटन म्हणजे अमेरिकी बनावटीचा रणगाडा). संध्याकाळी आले तर सहाही तोफांच्या नळ्या खाली वाकलेल्या. गरम पाण्यात बुडवून चार सरळ झाल्या, दोन कापून जागी खिळे बसवावे लागले.

साधे नियम सांगाल का? एका पानात मावतील असे?

सांगते. हे मी स्वतः बसवलेले आहेत आणि कॅरम बोर्डच्या मापाचे आहेत.

आठ पत्ते काढा. आपल्या तीन गाड्यांचे तीन लाल, शत्रूचे चार काळे आणि एक जोकर. पिसून पालथे ठेवा आणि एकेक उलटा. लाल आला की आपली कोणतीही एक गाडी खेळते, काळा आला की शत्रूची एक. एका फेरीत एक गाडी एकदाच. जोकर आला की फेरी तिथल्या तिथे संपते, उरलेल्या गाड्या राहिल्याच. पुन्हा सगळे पत्ते पिसायचे. पहिलाच पत्ता जोकर निघाला तर तो परत घालून पुन्हा पिसा. या एका जोकरानं डाव जिवंत राहतो. तिन्ही गाड्या या फेरीत हलतील याचा भरवसा नसल्यामुळे कोणती आधी हलवायची याचा खरा विचार करावा लागतो.

मोकळ्या जमिनीवर गाडी १५ सेंटीमीटर जाते. शेतात, चिखलात, ओढ्यात ७. चालून गोळा झाडता येतो, झाडून चालता येत नाही.

गोळा झाडायचा तर आपल्या टरेटपासून (वरच्या फिरत्या बुरुजापासून) समोरच्या गाडीपर्यंत दोरा ताणा. मध्ये घर किंवा टेकडी आली तर दिसत नाही. शेतात असलेली गाडी दिसते, पण आडोसा धरायचा. मग दोन फासे टाका. बेरीज ७ किंवा जास्त आली तर गोळा लागला. आपण चालून झाडत असू तर बेरजेतून एक वजा. समोरची गाडी आडोशाला असेल तर आणखी एक वजा. अंतर ३० सेंटीमीटरच्या पुढे असेल तर आणखी एक. १५ च्या आत असेल तर एक मिळवा.

गोळा लागला म्हणजे गाडी गेली असं नाही. आता चिलखत. एक फासा टाका आणि त्यात तोफेचा जोर ३ मिळवा. समोरून चिलखत ६, बगलेतून आणि मागून ४. बेरीज चिलखतापेक्षा जास्त आली तर गाडी जळाली. बरोबरीत आली तर आतली माणसं हादरली, त्या गाडीचा पुढचा पत्ता सावरण्यात जातो. कमी आली तर गोळा उसळून गेला.

बस्स. पुढे हळूहळू वेगवेगळ्या गाड्यांना वेगवेगळे आकडे द्या. टायगरसारख्या जाड गाडीला समोरून ८ द्या, शर्मनला ५. सुरुवातीला मात्र सगळ्यांना सारखेच आकडे ठेवा.

शत्रू चालवायचा कसा?

इथे सोंगट्या कामाला येतात. कॅरमच्या नऊ काळ्या सोंगट्या घ्या. चारांच्या तळाला कागदाची छोटी चिकटपट्टी लावून त्यावर ‘रणगाडा’ लिहा. उरलेल्या पाचांनाही कोरी पट्टी लावा, नाहीतर हाताला कळतं. सगळ्या पालथ्या करून मिसळा आणि पलीकडच्या अर्ध्या भागात ठेवा, प्रत्येक आडोशाला एक. उरलेल्या सोंगट्यांची जागा फाशावर ठरवा. आता समोर नऊ ठिपके आहेत. त्यातले चार खरे, पण कोणते ते तुम्हालाही माहीत नाही.

तुमची गाडी एखाद्या सोंगटीपासून ३० सेंटीमीटरच्या आत आली आणि मध्ये काही अडसर नसेल, तर सोंगटी उलटा. रणगाडा निघाला तर तिथे मॉडेल ठेवा, तोंड तुमच्याकडे. कोरी निघाली तर उचलून घ्या.

काळा पत्ता आला की तुमच्या सर्वांत जवळची शत्रूची वस्तू खेळते, या फेरीत ती खेळून झाली असेल तर तिच्यानंतरची. ती अजून सोंगटीच असेल तर एक फासा टाका. १ ते ३ पडले तर ती जागच्या जागी. ४ ते ६ पडले तर तुमच्या दिशेनं पुढच्या आडोशापर्यंत सरकते. उघडी पडलेली गाडी असेल आणि तिला तुम्ही दिसत असाल, तर :

१ पडला – गोंधळ, काहीच करत नाही.
२, ३, ४ – उभ्या जागेवरून सर्वांत जवळच्या गाडीवर गोळा.
५ – जवळच्या आडोशाला सरकते आणि तिथून झाडते.
६ – पूर्ण चाल करून तुमच्या बगलेकडे येते, दिसत असाल तर झाडते.

तिला कुणीच दिसत नसेल तर सोंगटीचाच नियम लावा.

हे सगळं करताना एक अडचण हमखास येते. ‘जवळचा आडोसा’ दोन निघतात, किंवा बगलेकडे जायला दोन वाटा असतात. अशा वेळी तुम्हाला ज्याचा जास्त त्रास होईल ती वाट शत्रू घेतो. शंका आली की निकाल नेहमी आपल्या विरुद्ध द्यायचा. हा नियम पाळला की आपण नकळत स्वतःची बाजू घेतोय का, ही रुखरुख राहत नाही.

आणखी एक सल्ला. सुरुवातीला हल्ला तुम्ही करा आणि बचाव शत्रूकडे द्या. बचाव करणाऱ्याला थोडेच निर्णय घ्यावे लागतात, ते फासा नीट घेतो. कॅरमची लाल राणी पलीकडच्या बाजूला पुलाजवळ ठेवा. आठ फेऱ्यांत तुमची एखादी गाडी राणीला टेकली आणि फेरीअखेर जिवंत असली, तर तुम्ही जिंकलात.

एखादी चाल प्रत्यक्ष कशी होते, दाखवाल?

परवाच्या रविवारचीच दाखवते. चौथी फेरी होती. माझा सेंच्युरियन रस्त्याच्या कडेला, समोर उसाचं शेत आणि शेतात कडेला एक सोंगटी. डावीकडे ओढ्याच्या पलीकडे माझी दुसरी गाडी. शेतातल्या सोंगटीपासून ती वीस सेंटीमीटरवर होती, पण मध्ये एक घर होतं.

लाल पत्ता. सेंच्युरियन मोकळ्यावर थोडा पुढे घेतला, अंतर २८ झालं. सोंगटी उलटली. पॅटन. मी चालले होते, एक वजा. तो उसात होता, आणखी एक वजा. म्हणजे फाशांवर किमान ९ हवे होते. पाच आणि चार पडले, नेमके नऊ. गोळा लागला. चिलखताच्या फाशावर ३. तोफेचा जोर धरून ६. समोरचं चिलखतही ६. बरोबरी. माणसं हादरली, पण गाडी शाबूत.

पुढचा पत्ता जोकर. फेरी संपली. पाचवी फेरी कोणाच्या पत्त्यानं सुरू होणार यावर सगळं होतं. काळा आधी आला तर त्याचा तो पत्ता सावरण्यात जाणार होता, पण त्यानंतर पुढच्या फेरीत तो माझ्या उघड्यावर उभ्या असलेल्या सेंच्युरियनवर मोकळेपणी गोळा झाडू शकला असता. काळाच आला. तो सावरला. मग लाल. मी सेंच्युरियनला हात लावला नाही. डावीकडची गाडी घराच्या कोपऱ्यावरून दहा सेंटीमीटर पुढे घेतली. आता ती पॅटनच्या बगलेला, बारा सेंटीमीटरवर. चालले म्हणून एक वजा, उसाचा एक वजा, जवळ आले म्हणून एक अधिक. आठ हवे होते. सहा आणि तीन. चिलखतावर २ पडले, जोर धरून ५. समोरून हा गोळा उसळला असता. बगलेत चिलखत ४. टरेटवर काळ्या रंगात बुडवलेल्या कापसाचा बोळा ठेवला.

एवढं सगळं दोन मिनिटांत झालं. त्या दोन मिनिटांत मी जेवणाचं ताट समोर असूनही विसरले होते.

शेवटी सगळं फाशावरच, म्हणजे नशिबाचाच खेळ की!

दोन फाशांची ३६ दानं होतात. ७ किंवा जास्त येण्याची २१, म्हणजे ५८ टक्के. ८ किंवा जास्त येण्याची १५, म्हणजे ४२ टक्के. ९ किंवा जास्त येण्याची फक्त १०, म्हणजे २८ टक्के. आडोशाचा तो एकच गुण शत्रूचा नेम ५८ वरून ४२ वर आणतो. उसात उभं राहायचं की रस्त्यावर, हा निर्णय तुमचा आहे.

बगलेचा हिशोब तर याहून बोलका. आडोसा वगैरे काही नसताना, समोरून एका गोळ्यात गाडी जळण्याची शक्यता सुमारे २९ टक्के. बगलेतून ४९. त्या दहा सेंटीमीटरच्या चालीनं शक्यता जवळपास पावणेदोनपट होते. एक दान खराब पडेल. पण डावभर जो आडोसा धरतो आणि बगल गाठतो, तो जास्त वेळा जिंकतो.

मैदान कसं तयार करायचं?

ज्यानं लहानपणी दिवाळीत किल्ला केलाय त्याला हा प्रश्न पडू नये. दगड-विटा, त्यावर ओलं पोतं, माती, वर अळीव आणि मोहरी पेरून चार दिवसांत आलेलं हिरवं गवत. मैदान म्हणजे तेच, फक्त दिवाळीनंतर मोडायचं नाही. आमच्या वाड्यातला किल्ला दरवर्षी चौकात नळाशेजारी व्हायचा आणि मावळ्यांची नजर दरवाजापर्यंत पोचते का, हे मी गुडघ्यावर बसून मावळ्याच्या उंचीवरून बघायची. आजही दोरा ताणण्याआधी मी तशीच खाली वाकते.

टेकड्यांसाठी पुठ्ठ्याचे थर कापून एकावर एक चिकटवा. थर्माकोल नव्यानं विकत आणू नका. राज्यात २०१८ पासून त्यावर निर्बंध आहेत, आणि टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातलं जुनं पॅकिंग कुणाच्या तरी माळ्यावर असतंच. वरून फेव्हिकॉल आणि पाणी लावून चोथा झालेली चहापूड पसरा. ती आधी उन्हात कडकडीत वाळवा, नाहीतर आठवड्यात बुरशी धरते. वाळली की नांगरलेल्या काळ्या रानासारखी दिसते. गवतासाठी सुताराकडचा बारीक भुसा हिरव्या रंगात भिजवून वाळवा. हिरव्या स्क्रबरचे तुकडे म्हणजे तयार कुंपण.

उसाचं शेत मात्र काथ्याच्या पायपुसण्याचंच करायचं, त्याला दुसरा पर्याय नाही. पायपुसणं उलटं करून मागच्या रबरावर कटर चालवा, काथ्यावर चालवू नका. रबर कापलं की तुकडा आपोआप सुटतो. दहा बाय पंधराचा तुकडा हातात घेऊन जोरात झटका. गॅलरीतच झटका, कारण घरभर पिवळे केस उडतात. मग शेंड्यांवर कोरड्या ब्रशनं हिरवा फिरवा. तळाशी काथ्याचा मूळ रंग राहिला की वाळलेल्या पाचटासारखा दिसतो. रणगाडा आत ठेवायचा तर तुकडा मधून कापून दोन करा. काथ्याचे केस गाडीच्या दोन्ही बाजूंनी वर आले, की मांजरी-हडपसरकडे पूर्वी दिसायचं तसं शेत टेबलावर उभं राहतं.

आपल्या १९६५ आणि १९७१ च्या लढाया खेळाव्यात का?

मी खेळते आणि आदरानं खेळते. असल उत्तरची लढाई तर या खेळासाठीच घडल्यासारखी आहे. ८ ते १० सप्टेंबर १९६५, खेमकरणजवळ. आपल्या सैन्यानं घोड्याच्या नालेच्या आकारात बचाव धरला, शेतांत पाणी सोडलं. पाकिस्तानचे पॅटन चिखलात रुतले आणि उसात दडलेले सेंच्युरियन त्यांच्या बगलेवर झाडत राहिले. पॅटनची तोफ ९० मिलिमीटरची, गाडी नवी. कागदावर आपल्या जुन्या शर्मनपेक्षा कितीतरी वरचढ. पाकिस्ताननं तिथे नव्वदहून जास्त रणगाडे गमावले. जमीन आणि आडोसा यांचा हिशोब फाशावर कसा उतरतो ते समजून घ्यायचं असेल तर ही लढाई मांडा. मैदानाचा अर्धा भाग चिखल करा, चिखलात प्रत्येक चालीला एक फासा टाका आणि १ पडला की गाडी रुतली. याच रणांगणावर जीपवरच्या रिकॉइललेस (झाडल्यावर मागे धक्का न देणाऱ्या) तोफेनं पॅटन उडवणारे ४ ग्रेनेडिअर्सचे अब्दुल हमीद लढले आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना परमवीरचक्र मिळालं.

दुसरी लढाई बसंतरची, तिचं पुण्याशी नातं आहे. तिथे लढलेली पूना हॉर्स ही आज रणगाड्यांची असलेली रेजिमेंट पेशव्यांबरोबरच्या १८१७ च्या तहातून उभी राहिली आणि नाव आजही आपल्या शहराचं आहे. तिच्या दोन अधिकाऱ्यांना परमवीरचक्र मिळालं. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १६ सप्टेंबर १९६५ रोजी सियालकोट आघाडीवर पडले. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरला. खेत्रपाल यांचा जन्म पुण्यातला, १९५० चा. शिकले खडकवासल्याला एनडीएत, आणि तिथल्या परेड मैदानाला आज त्यांचं नाव आहे. गेले तेव्हा ते २१ वर्षांचे होते. रणगाडा पेटल्यावरही तोफ चालते आहे म्हणून त्यांनी तो सोडला नाही.

बसंतरचा शेवटचा टप्पा म्हणजे थोड्या गाड्यांनी लाटेमागून येणारी लाट थोपवायची. एकट्यानं खेळायला हा साचा उत्तम. तुमचे तीन सेंच्युरियन आणि दर फेरीला फाशावर १ किंवा २ नवे पॅटन. साचा मी वापरते, पण मॉडेलला कुणाही शहिदाचं नाव देत नाही. माझ्या गाड्यांना नुसते क्रमांक आहेत. टेबलावर गाडी जळाली की मी कापूस ठेवते आणि डाव संपला की उचलते. त्या माणसांच्या नावावर फासा टाकायला माझा हात धजत नाही. तुम्हाला वेगळं वाटू शकतं, पण आधी त्या लढाईबद्दल नीट वाचा आणि मगच ठरवा.

खरे रणगाडे बघायचे असतील तर?

अहिल्यानगर. पूर्वीचं अहमदनगर. शिरूरमार्गे सव्वाशे किलोमीटरच्या आत, एका दिवसात जाऊन येता येतं. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ साली सुरू झालं. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या चिलखती गाड्यांपासून सेंच्युरियन, शर्मन, विजयंतापर्यंत सगळं उघड्यावर मांडलेलं आहे आणि पकडून आणलेला पॅटनही आहे. पॅटनच्या शेजारी उभं राहून त्याची उंची डोळ्यांत साठवून घ्या. उसात एवढी गाडी दडवायची म्हणजे काय, ते फोटोवरून कळत नाही. रंगकामासाठी चिखल कुठे साचतो, रंग कुठल्या कडांवरून उडतो, हेही तिथेच शिकायला मिळतं.

पावसाळ्यात रंगकाम करावं का?

ब्रशनं करा, स्प्रे नको. जुलैच्या दमट हवेत स्प्रे प्रायमर मारला तर पांढुरकी भुकटी धरल्यासारखा थर बसतो आणि तो काढताना बारीक काम पुसलं जातं. मी प्रायमरची सगळी कामं मार्च ते मेमध्ये, सकाळी गच्चीवर उरकून घेते. खाकी किंवा ऑलिव्ह हिरवा मूळ रंग, वर पातळ तपकिरी रंगाचा हात, मग कडांवर कोरडा ब्रश. खेळायच्या गाडीला याहून जास्त लागत नाही.

मुलांबरोबर खेळता येईल का?

नऊ-दहा वर्षांचं मूल हे नियम सहज उचलतं. त्याला विरुद्ध बाजूला बसवू नका, आपल्या बाजूला घ्या. दोघं मिळून फाशाशी लढा. हरलं तरी रडारड होत नाही आणि वजाबाकी पक्की होते. कटर आणि फेव्हिक्विक मात्र आपल्याच हातात ठेवा.

डाव अर्धवट राहिला आणि टेबल रिकामं करायचं असेल तर?

हे घरोघरी होणारच. म्हणून तर मी कॅरम बोर्डवर खेळते. अख्खा बोर्ड उचलून पलंगाखाली सरकवता येतो. आधी वरून एक फोटो काढा. पत्त्यांची गड्डी जशी आहे तशी रबर लावून बोर्डच्या कोपऱ्यात ठेवा, उलटलेले पत्ते तिच्याखाली आडवे. कोणती गाडी हादरलेली आहे ते चिठ्ठीवर लिहून त्याच गाडीखाली सरकवा. बोर्ड हलताना गाड्या घसरू नयेत म्हणून प्रत्येक गाडीच्या तळाला छोटा चुंबक लावा आणि चादरीखाली पातळ लोखंडी पत्रा घाला. पत्रा बोहरी आळीत हव्या त्या मापाचा कापून मिळतो, फक्त कडा घासून द्यायला सांगा. माझा सध्याचा डाव सहाव्या फेरीत थांबलाय. पुलापाशी दोन सोंगट्या अजून पालथ्या आहेत, आणि गड्डीत वरचा पत्ता कोणता ते मी बघितलेलं नाही.